आमचं ठरलं... पुन्हा एकदा!

भांडण नाही, मारहाण नाही, तिसरी व्यक्ती नाही. तरीही घटस्फोट? हो, तरीही! 'म्युच्युअल'च्या रांगेत उभं राहून आलेल्या एका मुलीचा हा अनुभव...

"आई, आमचं ठरलंय."

हे वाक्य मी आईला आयुष्यात दोनदा ऐकवलं. पहिल्यांदा २०१४ साली. तेव्हा तिनं आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग 'कोण, कुठला' ते विचारलं. दुसऱ्यांदा २०२२च्या दिवाळीनंतर. तेव्हा ती मेथी निवडत बसली होती. हातातली जुडी खाली ठेवून तिनं विचारलं,

"मारतो का?"

"नाही गं."

"पितो?"

"थर्टी फर्स्टला. माझ्याबरोबरच."

"मग बाहेर काही...?"

"नाही आई. तसलं काहीही नाही."

"मग?"

हा 'मग?' पुढे वर्षभर माझ्या मागे लागला होता. मावशीनं विचारला, सोसायटीतल्या काकूंनी विचारला, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये तर दर बुधवारी कुणीतरी विचारायचंच. बाबांनी मात्र काहीच विचारलं नाही. पाच मिनिटांनी पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "गाडी कुणाच्या नावावर आहे?" बाबा बँकेतून रिटायर झालेत. काळजी व्यक्त करायची त्यांची ही पद्धत आहे.

तर... मग?

'नंतर बघू'ची गोष्ट

त्याला मी इथे 'तो'च म्हणणार आहे. (लेख छापायला देण्याआधी त्याला वाचायला दिला. त्यानं एक वाक्य काढायला लावलं. कुठलं ते सांगणार नाही!) आम्ही एकाच ऑफिसात होतो. शेजारच्या टीममध्ये. दोन वर्षं चहाच्या टपरीवर काढली आणि डिसेंबर २०१४मध्ये रीतसर बोहल्यावर चढलो. मुलाबद्दल बोलणं झालं होतं का? झालं होतं ना! दोघांनीही एकमुखानं 'नंतर बघू' म्हटलं होतं. आम्हाला वाटलं, आमचं एकमत झालंय. प्रत्यक्षात माझ्या 'नंतर बघू'चा अर्थ 'नंतर' होता आणि त्याच्याचा 'बघू'.

२०२० साली लॉकडाऊन लागला. बाणेरच्या टू बीएचकेमध्ये दोन लॅपटॉप, दोन हेडफोन आणि आम्ही दोघं. बऱ्याच जोडप्यांची त्या काळात जुंपली. आमचं उलट झालं. कधी नव्हे ते निवांत बोलायला मिळालं आणि त्या बोलण्यात 'नंतर' एकदाचं येऊन उभं राहिलं. मी ३३ वर्षांची होते. मला मूल हवं होतं. त्याला नको होतं. आत्ता नको असं नाही, कधीच नको. त्यानं ते प्रामाणिकपणे सांगितलं. आणि पुढे हेही म्हणाला, "तुझ्यासाठी मी हो म्हणू शकतो."

या एका वाक्यापाशी आम्ही वर्षभर अडकलो. माझ्यासाठी हो म्हणणारा बाबा मला माझ्या बाळाला द्यायचा नव्हता. आणि बाळाचा विचार सोडून द्यायलाही जमत नव्हतं. कुणाच्या बारशाला गेले की परतताना गाडीत मी गप्प असायचे आणि तो मी गप्प का आहे हे माहीत असल्यामुळे गप्प असायचा. कुणाची चूक म्हणायची ही? काउन्सेलरकडे गेलो. बाईंनी सहा सेशन्स घेतली. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमच्यात संवादाचा प्रश्नच नाहीये. प्रश्न फक्त खरा आहे."

जून २०२१मध्ये तो वाकडला वेगळा राहायला गेला. घरच्यांना सांगितलं, काही दिवस वेगळं राहून बघतोय. त्या काही दिवसांची दोन दिवाळ्या झाल्या आणि मग आमचं ठरलं.

'विरुद्ध' नाही, 'आणि'

घटस्फोट म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातलं कोर्ट येतं. एकमेकांवर धावून जाणारे वकील, रडणारी आई, "ऑर्डर ऑर्डर". आमच्या वकीलबाईंच्या ऑफिसात यातलं काहीच नव्हतं. होता तो प्रिंटर आणि एक प्रश्नांची यादी. त्यांनी सांगितलं, हिंदू विवाह कायदा १९५५चा, पण त्यात परस्परसंमतीचं 'कलम १३ ब' आलं १९७६ साली. त्याआधी या कायद्यानं घटस्फोट हवा असला तर साधारणपणे कुणाचा तरी दोष दाखवावा लागायचा. आता दोघांनी मिळून एकच अर्ज करायचा. वर्षभर किंवा जास्त काळ वेगळे राहतोय, एकत्र राहणं जमलेलं नाही आणि लग्न संपवायचं यावर दोघांचं एकमत आहे, एवढं सांगायचं. कारणांचे पाढे वाचायची गरज नाही. आईच्या 'मग?'चं उत्तर कोर्टाला नको होतं. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू!

अर्जाचा मसुदा वाचताना एक गोष्ट लक्षात आली. केसच्या कागदावर दोन नावांच्या मध्ये 'विरुद्ध' असतं असा माझा समज. आमच्या कागदावर तो 'अर्जदार क्रमांक १', मी 'अर्जदार क्रमांक २' आणि मध्ये 'आणि'. लग्नपत्रिकेवर 'चि.' आणि 'चि. सौ. कां.'च्या मध्ये जो होता, तोच.

पत्रिका आठवायचं कारण म्हणजे तीही शोधावी लागली. अर्जासोबत लग्नाचं सर्टिफिकेट, राहत्या पत्त्याचे पुरावे, पासपोर्ट साइझ फोटो आणि लग्नातला एक फोटो! तो निवडायला आम्ही एका रविवारी अल्बम घेऊन बसलो. बाराशे फोटो. "हा नको, यात माझे डोळे मिटलेत." "मग हा?" "यात तुझा मामा जिलबी खातोय." घटस्फोटासाठीचा फोटो चांगला यावा म्हणून अर्धा तास घालवणारं आमच्यासारखं जोडपं वकीलबाईंनी पाहिलं नसेल. शेवटी सप्तपदीचा दिला. त्यात दोघंही खाली बघतोय, पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते.

मग आली एक्सेल शीट. आयटीतली माणसं आम्ही, दुसरं काय करणार? नाव होतं 'वाटण्या फायनल ३'. फ्लॅट विकायचा, दोघांच्या नावावरचं कर्ज फेडायचं, उरलेले पैसे ज्यानं जितके घातले त्या हिशेबात. पोटगी मी मागितली नाही. आमचे पगार जवळजवळ सारखे होते. दागिने माझे मला. लाखांचे आकडे दोन चहांमध्ये मिटले आणि गाडी अडली ती कशावर? तर पुरणयंत्रावर! त्याच्या आजीचं, पितळी. खरं तर पुरण मी घालायचे, तो फक्त खायचा. पण आजी त्याची होती. वकीलबाई म्हणाल्या, "अहो, हे कन्सेंट टर्म्समध्ये लिहायची गरज नाही." आम्ही दोघंही एकदम म्हणालो, "लिहा." पुरणयंत्र त्याला गेलं. आज सिंगापूरमध्ये एका शेल्फवर शोपीस म्हणून उभं आहे. असो!

सहा महिने कशाला?

फेब्रुवारी २०२३मध्ये शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज दाखल झाला. आणि तिथेच आमच्या 'सामंजस्याच्या' घटस्फोटातलं पहिलं खरं भांडण झालं.

कायदा म्हणतो, पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबा. मग अठरा महिन्यांच्या आत पुन्हा या आणि सांगा की अजूनही तुमचं तेच म्हणणं आहे. पण २०१७मध्ये सुप्रीम कोर्टानं अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या प्रकरणात सांगितलं की ही सहा महिन्यांची अट योग्य प्रकरणात कोर्ट माफ करू शकतं. अर्जाआधीच दीड वर्ष वेगळे राहिला असाल, समेटाचे प्रयत्न फसले असतील, पैसे, मुलं सगळ्याचा निकाल लागला असेल आणि थांबून नुसता त्रासच वाढणार असेल, तर. आम्ही या सगळ्यात बसत होतो. त्याला सिंगापूरची पोस्टिंग मिळाली होती, एप्रिलमध्ये जायचं होतं. साहजिकच तो म्हणाला, माफीचा अर्ज करू, मोकळे होऊ.

मी म्हणाले, नको.

"का?"

सांगता येईना. "कायद्यानं दिलेत तर घेऊया ना सहा महिने," असं काहीतरी म्हणाले.

"हे काय कॅज्युअल लीव्ह आहे का, शिल्लक आहे म्हणून घ्यायला?" तो पहिल्यांदाच चिडला होता. त्याचं बरोबर होतं. सप्टेंबरमध्ये परत यायचं म्हणजे रजा, विमानाचं तिकीट आणि मधले सगळे महिने अधांतरी. पण शेवटी त्यानं माझं ऐकलं. ते त्यानं माझ्यासाठी केलं, आणि तेव्हा मी त्याचे आभारही मानले नाहीत.

वकीलबाईंनी एक गोष्ट नीट समजावली होती. संमती म्हणजे एकदा सही केली की झालं, असं नाही. सुप्रीम कोर्टानं १९९१ सालीच म्हटलंय, निकाल लागेपर्यंत ती दोघांचीही कायम राहिली पाहिजे. मधे कुणालाही मागे फिरता येतं. म्हणजे ते सहा महिने रोज सकाळी उठल्यावर माझ्या हातात एक दार होतं. उघडायचं की नाही, हे माझं मी ठरवायचं. लग्नाच्या इतक्या वर्षांत असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला नाही.

नातं : ________

जूनमध्ये त्याच्या आईचा फोन आला. त्या कोथरूडला एकट्या राहतात. "तुला विचारू का नको, कळत नव्हतं. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे गं. तो तिकडे..." मी रजा टाकली.

हॉस्पिटलमध्ये फॉर्म भरायला दिला. पेशंटचं नाव, वय, सोबत आलेल्याचं नाव. आणि पुढे, पेशंटशी नातं. पेन थांबलं. काउंटरवरची मुलगी वाट बघत होती. मी मनातल्या मनात हिशेब केला. अजून तीन महिने तरी खोटं ठरणार नाही. लिहिलं, 'सून'.

डोळ्याला पट्टी बांधून आई बाहेर आल्या. रिक्षात बसल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुम्ही भांडला असतात ना, तर बरं झालं असतं. मी मध्ये पडले असते. त्याला चार शब्द सुनावले असते, तुला समजावलं असतं. तुम्ही मला काही कामच ठेवलं नाहीत."

सामंजस्यानं वेगळं होण्याची ही बाजू मला कुणी सांगितली नव्हती. आम्ही दोघं शहाण्यासारखे वागत होतो, पण भोवतालच्या माणसांना रागवायलाही जागा ठेवली नव्हती. माझ्या आईला जावयाला शिव्या घालायच्या होत्या, पण घालणार कशावरून? तो तिला दर रविवारी फोन करत होता!

घरी सोडताना मी विचारलं, "आता तुम्हाला काय म्हणू?" लग्नाआधी मी त्यांना काकू म्हणायचे, लग्नानंतर आई. पुढच्या पायरीला मराठीत शब्दच नाही.

"काकू म्हणायचीस तेव्हाही मी 'ओ' देतच होते की," त्या म्हणाल्या.

एक न पाठवलेला मेसेज

जुलैमध्ये फ्लॅटचा व्यवहार झाला. सामान हललं होतं. किल्ल्या द्यायच्या आदल्या रात्री मी त्या रिकाम्या हॉलमध्ये बसले होते. बाहेर धो धो पाऊस. आणि मी मोबाइलवर टाइप केलं, 'मला मूल नको. परत ये.' पाठवलं नाही, पण खोडलंही नाही. शेवटी फोनच लावला. सिंगापुरात रात्रीचा दीड वाजला होता. त्यानं पहिल्या रिंगला उचलला.

मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "मी विचार करत होतो. घेऊया का चान्स? बाळाचा?"

मी माझा मेसेज वाचून दाखवला.

मग आम्ही दोघंही हसलो. आणि मग हसता हसता जे व्हायचं ते झालं. तो तिकडे, मी इकडे, फरशीवर बसून, अर्धा तास. कारण दोघांनाही एकाच क्षणी कळलं होतं. आमच्यापैकी कुणीही हार मानली असती. दोघंही तयार होतो. पण ज्यानं हार मानली त्यानं आयुष्यभर त्याचे हप्ते भरले असते आणि दुसऱ्यानं रोज पासबुक तपासलं असतं. प्रेम कमी पडत नव्हतं. प्रेमानं सुटणारा हा प्रश्नच नव्हता.

सहा महिने कशाला हवे होते, याचं उत्तर मला त्या रात्री मिळालं. तोपर्यंत माझी सही होती. त्या रात्रीनंतर माझी संमती होती.

थोडं कामाचं

आता हे वाचून कुणी 'अय्या, किती गोड घटस्फोट' म्हणणार असेल, तर थांबा. सगळ्यांनी सहा महिने थांबावं असं मी मुळीच म्हणत नाहीये. जिथे रोज अपमान आहे, मार आहे, तिथे एकेक दिवस मोजावा लागतो. तिथे वाट बघायला लावणं ही शिक्षाच. आणि 'म्युच्युअल' हा शब्द धाक म्हणूनही वापरला जातो. माझ्या एका मैत्रिणीनं 'चांगल्या घरातली माणसं कोर्टात भांडत नाहीत' हे ऐकून पोटगीवर पाणी सोडलं, स्वतःचे दागिनेसुद्धा परत मागितले नाहीत. सामंजस्य म्हणजे हक्क सोडणं नव्हे. आपल्या बाजूनं वाचणारा एक वकील हवाच, नवरा कितीही चांगला असला तरी.

बाकी काही गोष्टी, ज्या मला उशिरा कळल्या. रजिस्टर लग्न स्पेशल मॅरेज ॲक्टखाली झालं असेल, तर १९५४च्या त्या कायद्यातही परस्परसंमतीची सोय आहे, कलम २८. 'वेगळं राहणं' म्हणजे वेगळा पत्ताच हवा असं नाही. एका छताखाली राहूनही नवरा-बायको म्हणून राहत नसाल तर ते वेगळं राहणंच, हेही १९९१च्या त्याच निकालात आहे. सुप्रीम कोर्टानं मे २०२३मध्ये मोडलेलं लग्न स्वतःच्या विशेष अधिकारात थेट संपवता येतं असं सांगितलं, पण तो अधिकार त्यांचा. फॅमिली कोर्टाचा नव्हे. गृहकर्जावर दोघांच्या सह्या असतील तर बँकेला तुमच्या डिक्रीशी देणंघेणं नसतं, तोवर दोघंही जबाबदार. पीएफ, पॉलिसी, खातं... नॉमिनी आपोआप बदलत नाही, फॉर्म भरावा लागतो. आणि ऑफिसच्या पोर्टलवर 'मॅरिटल स्टेटस'च्या ड्रॉपडाउनमध्ये आपला पर्याय निवडताना हात थोडा थरथरतो. त्याला मात्र फॉर्म नाही.

किती जण?

सप्टेंबर २०२३. तो आदल्या रात्री उतरला होता, डोळे तांबारलेले. कोर्टाच्या विवाह समुपदेशक बाईंनी दोघांना आधी वेगवेगळं आणि मग एकत्र विचारलं. मग आत बोलावलं. न्यायाधीशांनी विचारलं, कुणाचा दबाव आहे का? देणंघेणं पूर्ण झालं का? विचार बदललाय का?

मी "नाही" म्हणाले. आवाज नीट आला.

लग्नाला तीन दिवस आणि सहाशे माणसं लागली होती. इथे काही मिनिटं, आणि माणसं आमच्यासकट मोजून सहा. बाहेर आलो तेव्हा पायऱ्यांवर एक बाई लहान मुलाला केळं भरवत होती. आम्ही दोघांनीही तिकडे बघितलं आणि दोघांनीही बघितलंय हे दोघांना कळलं. कुणी काही बोललं नाही.

आता मूल होईल का? मला माहीत नाही. २०२४मध्ये मी दत्तकासाठी 'कारा'कडे नाव नोंदवलंय. लग्न झालेल्या जोडप्याला दत्तक घ्यायचं तर दोघांची संमती लागते. एकट्या बाईला एकटीची पुरते. तिथेही वेटिंग आहे, तेही बरंच मोठं. पण वाट बघायचा मला आता थोडाफार सराव आहे. आईसुद्धा हल्ली 'मग?' विचारत नाही. परवा तिनं माळ्यावरून माझं जुनं बाळंतविडं काढून उन्हात घातलं. "कसर लागेल म्हणून," असं म्हणाली.

त्या दिवशी कोर्टातून निघालो तर दुपारचा दीड वाजला होता आणि सकाळपासून दोघांच्याही पोटात काही नव्हतं. एफसी रोडवर वैशालीत गेलो. दाराशी नेहमीसारखी गर्दी. यादी घेऊन उभ्या असलेल्या माणसानं विचारलं, "नाव? किती जण?"

मी माझं नाव सांगितलं. माहेरचं आडनाव लावून, मोठ्यानं. आणि मग म्हणाले, "दोन."

पंधरा मिनिटं थांबावं लागलं. आम्ही थांबलो.